दिवसा सांगितलेली गोष्ट

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडला म्हणून दिल्ली दरवाजापाशी एका टपरीवजा दुकानात उभा होतो. चष्मा दुकानदाराच्या हातात, आणि मी नगरच्या भर रहदारीत एखाद्या डोहाच्या तळाशी उभा असल्यासारखा. रिक्षा म्हणजे ठिपके, माणसं म्हणजे हलणारे कपडे. त्याने स्क्रू पिळला, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, चष्मा स्वतःच माझ्या नाकावर चढवला आणि म्हणाला, बघा बाबा, दिसतंय का. दिसलं. सगळ्यात आधी दिसली ती समोर थांबलेल्या सिटी बसची पाठ, आणि त्या पाठीवर काचेपासून बंपरपर्यंत पसरलेला एक चेहरा. डोक्याला पटका, कोवळी मिशी, ओठ काहीतरी सांगण्याच्या बेतात. खाली लिहिलेलं, वाटचुका मामा येतोय. ते मी नंतर वाचलं. आधी बघितला तो कान. डावा कान, उजव्यापेक्षा थोडा पुढे आलेला, पाळीला जन्मतःच एक खाच. बस सुटली आणि तो चेहरा धुरात हलत, हसत, माळीवाड्याकडे निघून गेला. दुकानदार विचारत होता, डोळ्यांत पाणी का आलं, नंबर बदललाय का. मी म्हणालो, लहानपणी डोळ्यात घोरपडीचं पिल्लू गेलं होतं, ते अधूनमधून कूस बदलतं. तो हसला. माझ्या तोंडातून असं काहीतरी निघतंच, आणि मग खरं काही सांगावं लागत नाही.

मामाला चेहरा नव्हता. ‘वाटचुका मामा’ची माझी अकरा पुस्तकं आली, सतरा वर्षं येत राहिली, शाळांच्या कपाटांतून पानं सुटून पडेपर्यंत वाचली गेली, आणि त्यांतल्या एकाही चित्रात मामाने वाचकाकडे तोंड केलं नाही. पाठ, पटका, काखेत वळकटी, हातात कंदील. चित्रं काढणारा जालिंदर वैतागायचा. पोरं पत्रातून विचारायची तेव्हा मी दर वेळी वेगळं उत्तर पाठवायचो. एकाला लिहिलं, प्रवरेच्या डोहातल्या खेकड्यांच्या राजाने मामाचा चेहरा आरशाला लावायला उसना नेलाय. एकीला लिहिलं, जालिंदरला फक्त पाठी काढता येतात, त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो पाठमोरा आहे. खरं उत्तर असं होतं की मला माझ्या सख्ख्या मामाचा चेहरा आठवत नव्हता. तो आला की मला खांद्यावर घ्यायचा, आणि खांद्यावर बसलेल्या पोराला माणसाचं काय दिसतं? पटक्याच्या घड्या, मानेवरचा घाम, आणि दोन बाजूंना दोन कान, ज्यांना धरून बसायचं. माझी बोटं त्या खाचेत नेमकी बसायची. चेहरा बघायला खाली उतरावं लागलं असतं, आणि मला खाली उतरायचं नसायचं. मग हा बसवरचा कान कुणाला ठाऊक? मी तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून, अश्विनीला फोन लावला.

अश्विनी म्हणजे पार्कवाली मुलगी. मनमाड रस्त्याला, कोल्हारच्या अलीकडे, एका कंपनीने मोठं करमणुकीचं पार्क काढलंय, आणि त्याचा एक आख्खा तुकडा माझ्या पाताळाला दिलाय, पुस्तकांत मामा ज्यातून भटकतो त्या. दीड वर्षापूर्वी ती पहिल्यांदा सावेडीला घरी आली तेव्हा मला वाटलं, मेडिक्लेमवाली असेल. तिने पिशवीतून माझं तिसरं पुस्तक काढलं, कव्हर नसलेलं, आणि म्हणाली की ती वाचायला शिकली ती यावर. मग हळूहळू पाताळ उभं राहिलं. कालची तिकिटं विकणारं स्टेशन. सावल्या तागडीत जोखून घेणारा बाजार. चढावर उलटी वाहणारी नदी, तिच्यात बोट, बोटीत माणसं. मी एकदा बघून आलो. जे मी शाईने अंधुक ठेवलं होतं ते तिथे सिमेंटमध्ये टणक झालेलं होतं, आणि हात लावला तर गार लागत होतं. मी माझ्या बाजूने दोन अटी घातल्या होत्या. एक, मामा कधीही पोचणार नाही. पुस्तकांसारखाच शेवटी तो कंदील वर करून विचारेल, पुणतांब्याची वाट कोणती? दुसरी, गोष्ट दिवसा सांगायची नाही. दिवस मावळल्यावरच. त्यांच्या साहेबांना ही म्हाताऱ्याची गंमत वाटली. आत कायम काळोखच असतो आजोबा, अश्विनीने समजूत काढली, आणि करारात ते वाक्य जसंच्या तसं घातलं. पहिल्या अटीवर मात्र ती अडून बसायची. बोट अकरा मिनिटांनी बाहेर यावीच लागते, ती म्हणायची, बाहेर ऊन असतं, माणसं उतरतात, उतरताना त्यांना काहीतरी हातात लागतं. वाट विचारणाऱ्या माणसाला मागे अंधारात सोडून त्यांना वडापाव खायला कसं पाठवू? मी म्हणायचो, मी एकोणसत्तर वर्षं तेच करतोय.

 फोनवर ती म्हणाली, फोटो छबूआजींनी दिला. कोल्हारच्या. तुम्हाला सांगायचं होतं, पण त्याच म्हणाल्या की नको, तो बघेल आणि येईल. फोटोबरोबर त्यांचीही एक अट आहे, आजोबा. मामाने घरी पोचायचं.

छबूबाई माझी थोरली बहीण. आक्का. आता एक्क्याऐंशीची.

तारकपूर स्टँडवरून कोपरगाव गाडी मिळाली. खिडकीची जागा. राहुरी मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता आणि उसाच्या मधून अचानक उगवलेली मंगल कार्यालयं, आणि मी त्यांतलं काही बघत नव्हतो. मला दिसत होती पुणतांब्याच्या घराची ओसरी, वैशाखातली, बाराच्या पुढची. आईला सातवा महिना लागलेला. तिचा एकुलता भाऊ, गोरखमामा, मिरजगावहून तिला बाळंतपणाला न्यायला येणार होता. मिरजगावहून नगर, नगरहून रेल्वे, पुणतांब्याला उतरायचं आणि स्टेशनापासून चालत. आई सकाळपासून दोनदा दारात जाऊन आलेली. आक्काला ताप, ती घोंगडीवर पडलेली, बारा वर्षांची, डोळे लाल. मी तिच्या उशाशी. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, गोष्ट सांग. मी म्हणालो, दिवसा? आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, जसं विस्तव भाजतो हेही कुणी शिकवलं नव्हतं. पण तिचा हात तापलेल्या तव्यासारखा होता आणि माझ्या पोटात एक गोष्ट चार दिवसांपासून उड्या मारत होती. मी सांगितली. रंगवून सांगितली. एक खेकडा, त्याला राजा व्हायचं असतं. ती एकदाही हसली नाही, आणि मी तिला हसवायला म्हणून गोष्ट वाढवत राहिलो, ऊन ओसरीच्या कडेवर येईपर्यंत.

मामा आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. गोष्टीच्याच दिवशी संध्याकाळी बनुआत्या, बापाची बहीण, चुलीपाशी बसल्या बसल्या एकदम म्हणाली, दुपारी गोष्टीचा आवाज कुनाचा येत हुता?  मग माझ्याकडे बघून म्हणाली, घ्या, मग चुकला असंल वाट. बाप भिंतीकडे बघत होता. आई मात्र माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, काहीतरी हिशेब लागल्यासारखी, आणि तिने हात पोटावर ठेवला. ती नजर मला अजून जशीच्या तशी काढता येईल, जालिंदरपेक्षा चांगली. सविता झाली, दोघी सुखरूप राहिल्या, आणि सव्वा महिन्यानंतर एक दिवस आईचा हंबरडा ऐकून मी गोठ्यात लपलो. तेव्हा कानावर आलं ते तुकड्यातुकड्यांनी. मिरजगावला विहिरीचं काम चाललेलं, दरड ढासळली, मामा खाली. तारीख कुणी बोललं नाही. मला सांगायची गरज नव्हती, मला ठाऊक होती. तो वळकटी घेऊन स्टेशनाकडे निघाला असणार, आणि इकडे ओसरीवर एका पोराने खेकड्याचं तोंड उघडलं असणार, आणि तिकडे त्याचे पाय फिरले असणार, सरळ रस्ता सोडून, विहिरीच्या दिशेने. घरात त्यानंतर मामाचं नाव निघालं नाही. माझ्याबरोबर त्याबद्दल कुणी बोललंच नाही, आणि न बोललेलं किती वाढतं ते मला विचारा. मोठा झालो, प्रेसमध्ये प्रुफं तपासायला लागलो, बायको आली, गेली, मुलगी वृषाली पुण्याला गेली. चारचौघांत मी थापाड्या म्हणून नावाजलो. पण गोष्ट लिहायची ती दिवा लागल्यावर. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर विहिरीच्या तळाशी मी एक दार केलं, आणि मामाच्या हातात कंदील दिला. दरड कोसळण्याच्या आत तो त्या दारातून आत गेला. बस्स. त्यानंतर तो चालतोय. चालतोय तोवर मेलेला नाही, आणि पोचलेला नाही तोवर माझ्याकडे बघून कुणाला काही विचारता येणार नाही. हे मी असं ओळीने कधी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. एसटीच्या खिडकीचा पत्रा खडखडत होता, त्याच्या तालावर ते शब्द आपोआप लागत गेले, आणि कोल्हारचा पूल आला.

आक्का पडवीत लसूण सोलत बसली होती. सून शेतावर गेलेली. मला बघून तिने तोंड वर केलं नाही, फक्त पाट पुढे सरकवला. म्हणाली, तुझी गाडी म्हातारी हाय का तू, कवाधरनं वाट बघते. मी म्हणालो, राहुरीला ड्रायव्हर पळून गेला, मीच चालवत आणली. ती म्हणाली, व्हय, म्हनूनच रस्त्याला खड्डं. मग बराच वेळ आम्ही दोघं लसूण सोलत राहिलो. पाकळ्या सुपात पडायचा बारीक आवाज. तिच्या मागे कोनाड्यात पोथी होती, आणि पोथीवर तो फोटो ठेवलेला, पोस्टकार्डाएवढा, कडा कुरतडलेला. नगरच्या कुठल्यातरी स्टुडिओत, लग्नासाठी मुलीकडच्यांना दाखवायला काढलेला. मला उठून तो हातात घेता येईना. बसच्या पाठीवर तो पुरुषभर होता तेव्हा सोपं होतं.

“त्या पोरीनं मला तुझा कागद वाचून दावला,” आक्का म्हणाली. “दिवस मावळल्याबिगर गोष्ट सांगायची न्हाई. वाचताना हसत हुती ती. आजोबा लई इनोदी हायेत म्हनं. मला न्हाई हसू आलं.”

मी एक पाकळी सोलून सुपात टाकली.

“मला वाटायचं तू इसरलास. पुस्तकं लिवतोस ती आपली गंमत म्हनून. मला काय ठावं, तू त्योच दिवस चघळत बसलायस.” तिने सूप बाजूला केलं आणि हात पदराला पुसले. “गहिनी, तू गोष्ट सांगितलीस त्येच्या आदी दोन दिवस कारड आलं हुतं. कोपरा फाडलेलं. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं.”

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. ते घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडून टाकतात. तिला वाचता येत होतं. तिने वाचलं, आणि बापाला नेऊन दिलं, आणि बापाने ते तिच्या देखत फाडून उकिरड्यावर टाकलं. सातवा हाय, तो म्हणाला, तुझ्या आईला कळलं तर दोन जीव जातील. तोंडातून शब्द काढलास तर बघ. ताप तिला त्याचाच आलेला. बनुआत्याला बापाने सांगितलं होतं. दोन दिवस आई दारात जाऊन यायची आणि ते तिघं बघायचे. मग संध्याकाळी, आई पुन्हा विचारायला लागली की अजून कसा आला नाही, तेव्हा बनुआत्याला माझी गोष्ट सापडली. आईला ती पटली. वाट चुकलेला माणूस आज ना उद्या येतो. त्या एका वाक्यावर आई चार महिने जगली आणि सविता जगली. हे सगळं आक्काने एवढ्या सपाट आवाजात सांगितलं की मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घरातलं सांगतेय.

“मग मला कशाला सांगायला लावलीस? दिवसा?”

तिने नखात अडकलेलं लसणाचं साल काढलं.

“लई दिसांपासनं मला दिवसा गोष्ट ऐकायची हुती,” ती म्हणाली. “कुनी सांगायचं न्हाई. त्या दिवशी म्हनलं, आता ऐकावी. आता चुकायला त्यो वाटंवर हाय कुटं?”

पडवीच्या पत्र्यावर साळुंकी चालत होती, तिच्या नखांचा आवाज येत होता. मला वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर मी हलका होईन. तसं काही झालं नाही. काखेतली वळकटी कुणीतरी अलगद काढून घ्यावी आणि आपल्याला दंड तसाच दाबून धरायची सवय राहावी, तसा मी बसलो. मी त्याची वाट चुकवली नसेल, तर अकरा पुस्तकं जमिनीखालून कोण चाललंय? कुणाला मी एवढ्या नद्या ओलांडायला लावल्या? आणि ही समोर बसलेली बाई, बारा वर्षांची, एकटीने ते कार्ड पोटात घेऊन, माझ्या खेकड्याच्या गोष्टीला न हसता, सगळ्या पोरांना जी भीती असते ती आपल्याला आता नाही हे ताडून बघत पडली होती. तिला मी एकदा तरी विचारायला हवं होतं की तू का हसली नाहीस. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं माझी गोष्ट कमी पडली.

आक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून. चपला शोधताना म्हणाली, “चल. त्या पोरीला म्हनलंय आज येतो म्हनून. त्येला आन आता घरी. लई चालला त्यो.”

पार्क रिक्षाने दहा मिनिटांवर. फाटकापाशी अश्विनी छत्री घेऊन उभी होती, उन्हासाठी. तिच्या चेहऱ्यावर शाळेत खोडी केलेल्या मुलीचा भाव होता, आणि मी रागावलो नाही म्हटल्यावर ती अजूनच बावरली. आधी तिने आम्हाला शेवटची जागा दाखवली. बोट काळोखातून बाहेर येते तिथे त्यांनी एक ओसरी केलीय. मी कुठल्याही पुस्तकात ती तशी वर्णन केलेली नाही. आक्काने सांगितली असणार, कारण खांबाला दोर बांधून झिजल्याची रेघसुद्धा होती. वरून खरं ऊन पडत होतं. ओसरीच्या पायरीशी मामा, पाठमोरा. अश्विनीने कुणाला तरी खूण केली, आणि आतल्या यंत्राची घरघर होऊन तो हळूहळू वळला. आक्काने माझा दंड धरला. मी खांद्यावरून खाली उतरलो असं मला वाटलं. अठ्ठावीस-तीस वर्षांचा पोरगा होता तो. माझ्या वृषालीहून कितीतरी लहान. एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात तो माझ्याबरोबर म्हातारा झाला होता, आणि इथे आईचं नाक घेऊन, तोंड जरासं उघडं ठेवून, आम्हा दोन म्हाताऱ्यांकडे तो असा बघत होता की ही कोण माणसं.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे पत्र्याची केबिन, भिंतींना गाद्या टांगलेल्या. आवाज येतो म्हणून एसी बंद. यंत्रावर करण नावाचा माणूस बसलेला, कानावर ते मोठे गोळे लावून. त्यांनी मामासाठी एक वाक्य लिहून ठेवलं होतं, कागदावर मोठ्या अक्षरांत: अखेर मी घरी पोहोचलो. अश्विनी म्हणाली, हे नको असेल तर दुसरं, तुम्ही म्हणाल ते, पण एकच वाक्य, बोट पुढे सरकते. मग हळूच म्हणाली, दिवस मावळेपर्यंत थांबू या का? करारात आहे तसं. मी घड्याळ बघितलं. पावणेदोन झाले होते. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि आक्काच्या पायापर्यंत पोचली होती, तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत ती अंग चोरून बसलेली. मी म्हणालो, नको. आत्ताच करू.

तोंडासमोर माइकचा काळा गोळा.  दिवसा गोष्ट सांगायला मी तोंड उघडलं नव्हतं ते नऊ वर्षांचा असल्यापासून, आणि जीभ खरोखरच टाळूला चिकटली, हे थापाड्याने सांगूनही खरं माना. मी डोळे मिटले. ओसरी आली. घोंगडीवर मुलगी, डोळे लाल. तिच्या उशाशी एक पोर हात नाचवत खेकड्याला राजा करतंय, गोष्ट वाढवतंय, तिने हसावं म्हणून. आत आई, हात पोटावर. आणि पायरीशी तो उभा, पायांवर सगळ्या पाताळाची धूळ, काखेत वळकटी. त्याला काय ऐकू येत असेल? एवढ्या अंधारातून येताना त्याला इतकी वर्षं काय ऐकू येत असेल? अखेर पोहोचलो असं कुणी माणूस स्वतःच्या बहिणीच्या दारात म्हणत नाही. करणने बोट वर केलं.

“भर दुपारी गोष्ट कोन सांगत हुतं रं?” मी म्हणालो. माझा आवाज नव्हता तो, किंवा होता. “त्या आवाजाच्या मागं मागं आलो. न्हाईतर वाट घावली नसती.”

 मग मागे खुर्ची करकरली. मी वळून बघितलं. आक्काने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला होता, आणि ती दाराच्या त्या उजेडाच्या पट्टीकडे बघत होती.

“आदी पाय धू, मामा,” ती म्हणाली. “पानी ठिवलंय.”

करणने कानावरचे गोळे काढले आणि म्हणाला, पुन्हा घ्यावं लागेल, आजींचा आवाज आत आलाय. अश्विनी माझ्याकडे बघत राहिली.

“राहू दे,” मी म्हणालो. “आला माणूस, घरात कुणी बोलायला नको?”